स्टार्ट कुठं गेलं, दादा?

विंडोज १० चा सपोर्ट संपला, मशीन अपडेट झाल्या आणि वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात बसलेलं बटण मधोमध आलं. कपिलधारच्या वाटेवरच्या एका सेवा केंद्रात बसून पाहिलं, तर लक्षात आलं की स्क्रीन बदलते तेव्हा सगळ्यात आधी जातो तो आपला आत्मविश्वास!

कपिलधारला कसं जायचं, असं बीडमध्ये कुणालाही विचारा. रस्त्याचा नंबर कुणी सांगणार नाही. ‘सोलापूर रोडनं मांजरसुंबा गाठा, तिथून विचारत विचारत आत जा,’ एवढंच सांगतील. आपल्याकडं पत्ता म्हणजे खुणा. हे झाड, ती टपरी, पुढं डावीकडं वळण. हा महामार्ग चौपदरी झाला तेव्हा रस्ता एकदम मस्त झाला, पण कडेच्या कितीतरी खुणा गेल्या. मन्मथस्वामींच्या समाधीला वर्षानुवर्षं येणारी माणसंसुद्धा वळणापाशी जरा थबकायला लागली. गाव जागेवरच होतं. फक्त खूण गेली होती.

कॉम्प्युटरचंही सध्या असंच चाललंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा मोफत सपोर्ट बंद केला. म्हणजे त्या तारखेला मशीन बंद पडल्या असं नाही. त्या आजही चालतात. पण सुरक्षेचे जे अपडेट दर महिन्याला फुकट यायचे, ते थांबले. ज्यांच्या मशीनला जमत होतं त्यांनी विंडोज ११ घेतलं. त्यात कॉलेजची लॅब आली, दुकानं आली, पतसंस्था आल्या आणि गावोगावची सेवा केंद्रंही आली. बातम्यांमध्ये सगळी चर्चा सुरक्षेची झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन चालू करून बसणाऱ्या माणसाचं काय झालं, ते मात्र कुठं आलं नाही.

हात शोधतोय, पण बटण जागेवर नाही

मांजरसुंब्याहून कपिलधारकडं जाताना लागणारं हे सेवा केंद्र म्हणजे एक शटर, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बाहेर एक बाकडं. केंद्र चालवणारा दादा सव्वीस वर्षांचा आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पीक विमा, पोलीस भरतीचा फॉर्म, कॉलेजचं ॲडमिशन, सगळं त्याच्याकडं होतं. त्याची खरी ओळख म्हणजे त्याचा स्पीड. फॉर्ममध्ये ‘फोटो ५० केबीच्या आत हवा’ असं लिहिलेलं असलं, की समोरच्याशी गप्पा मारता मारता तो फोटो कापतो, लहान करतो, अपलोड करतो. स्क्रीनकडं फारसं बघतही नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं एक मशीन विंडोज ११ वर नेली. लगेच ५ नोव्हेंबरला कार्तिक पौर्णिमा आली. कपिलधारची मोठी यात्रा याच दिवसांत असते. महाराष्ट्रातून, कर्नाटकातून दिंड्या येतात. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आहे आणि वयाचा पुरावा म्हणून आधार जवळ लागतं. त्यामुळं आधारची प्रिंट काढून लॅमिनेशन करून घेणारे आजी-आजोबा बाकड्यावर बसलेले. अशा गर्दीत त्याचा हात सवयीनं माउस घेऊन खाली डाव्या कोपऱ्यात गेला. तिथं स्टार्ट नव्हतं. राइट क्लिक केलं, तर मेनू वेगळाच उघडला. आवाज कमी करायला गेला, तर वाय-फायचा चौकोन समोर आला.

“काय झालं रे बाळा, नेट गेलं का?” बाकड्यावरच्या एका मामांनी विचारलं.

“नाही मामा, मशीन नवी झालीय.”

“नवी झाली तर मग हळू का चालायली?”

मामांच्या या प्रश्नाला दादाकडं उत्तर नव्हतं. मशीन हळू नव्हतीच. हळू झाला होता तो स्वतः. “एक मिनिटाच्या कामाला चार मिनिटं लागायला लागली,” तो सांगतो. “वाईट त्याचं नाही वाटलं. लोक माझ्याकडं बघत होते ना, याला येतं की नाही म्हणून, त्याचं वाटलं.”

सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरासाठी ही साधी गोष्ट नाही. त्याचं दुकान लोकांच्या विश्वासावर चालतं. ‘त्याला कॉम्प्युटर जमत नाही’ असं एकदा गावात झालं, की लोक पुढच्या फाट्यावरच्या केंद्रात जातात.

नेमकं बदललं काय?

बदल यादीत मांडले तर किरकोळ वाटतात. स्टार्ट बटण आणि त्याच्या शेजारची चिन्हं टास्कबारच्या मधोमध आली. राइट क्लिकचा मेनू आटोपशीर झाला. कट, कॉपी, पेस्ट, रिनेम, डिलीट वगैरे नेहमीच्या गोष्टी वरच्या एका ओळीत गेल्या आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरनं तिथं टाकलेले बरेच पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागं गेले. वाय-फाय, आवाज आणि बॅटरी ही तीन चिन्हं मिळून एकच बटण झाली. स्टार्ट मेनूतल्या हलत्या रंगीत टाइल्स गेल्या.

मग एवढ्याशा बदलानं माणूस इतका का अडतो? याचं उत्तर कॉम्प्युटरपेक्षा आपल्या हातात जास्त आहे.

पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये हाताच्या हालचालींवर काम केलं. त्यातून निघालेला नियम साधा आहे. लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथं लवकर पोहोचतो. आता स्क्रीनचा कोपरा बघा. माउस जोरात खाली डावीकडं ढकलला, तर पॉइंटर कोपऱ्यात जाऊन आपोआप थांबतो. नेम धरायची गरजच नाही. डोळे मिटूनही जमतं. त्यामुळं कोपरा ही माउससाठी सगळ्यात सोपी जागा आहे. मधल्या बटणासाठी मात्र बघावं लागतं, थांबावं लागतं, नेम धरावा लागतो.

त्यात आणखी एक गंमत. चिन्हं मधोमध मांडलेली असली, की एकेक नवा प्रोग्राम उघडेल तशी सगळी रांग दोन्ही बाजूंना पसरते आणि स्टार्ट थोडं थोडं डावीकडं सरकतं. सकाळी एक प्रोग्राम उघडा असताना ते जिथं होतं, दुपारी सहा उघडल्यावर तिथं नसतं. हाताला सवय लागायला जागा पक्की असावी लागते. इथं जागाच हलती. दादाला ‘आपलंच काहीतरी चुकतंय’ असं वाटत होतं. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा हसला.

हे पहिल्यांदा नाही झालं

स्टार्ट बटणाचा जन्म २४ ऑगस्ट १९९५ चा, विंडोज ९५ सोबतचा. तेव्हा ते इतकं नवं होतं, की लोकांना कळावं म्हणून टास्कबारवर ‘इथं क्लिक करून सुरुवात करा’ असा बाण धावत यायचा. म्हणजे आज ज्याला आपण ‘जुनं आणि सोपं’ म्हणतो, तेही एकेकाळी शिकवावंच लागलं होतं.

मग २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आलं आणि त्यात स्टार्ट बटणच गायब झालं. पूर्ण स्क्रीनभर टाइल्स. टचस्क्रीनला छान, पण माउस हातात धरणारा माणूस भांबावला. जगभरातून इतकी ओरड झाली, की १७ ऑक्टोबर २०१३ ला आलेल्या ८.१ मध्ये बटण परत आलं. ते दाबल्यावर मात्र पुन्हा टाइल्सच उघडायच्या. खरा मेनू परत यायला २९ जुलै २०१५ उजाडला, विंडोज १० सोबत. ५ ऑक्टोबर २०२१ ला विंडोज ११ आलं आणि बटण मधोमध गेलं.

हा फक्त एका कंपनीचा प्रश्न नाही. लिनक्सच्या जगात २०११ मध्ये ग्नोम ३ आलं. डेस्कटॉपची ओळखीची मांडणी त्यात पूर्ण बदलली. ज्यांना ते पटलं नाही, त्यांच्यातल्या काहींनी जुन्या ग्नोमवरून ‘माटे’ उभं केलं. लिनक्स मिंटवाल्यांनी ‘सिनॅमन’ बनवलं. तिथं कोड सगळ्यांना खुला असल्यामुळं लोकांना नाराजीतून स्वतःचा रस्ता काढता आला.

विंडोज ११ मध्येही लोक बोलले तशा काही गोष्टी परतल्या. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रामवर टाकायची सोय सुरुवातीला काढली होती, ती २०२२ मध्ये परत आली. एकाच प्रोग्रामच्या खिडक्या वेगवेगळ्या दाखवायची सोय २०२३ मध्ये आली. यातून एक गोष्ट कळते. अडणारा माणूस दरवेळी ‘जुन्या विचारांचा’ नसतो. बऱ्याचदा त्याचं म्हणणं बरोबर असतं आणि कंपनीलाही ते मान्य करावं लागतं.

वहीत लिहिलेला कॉम्प्युटर

आपल्याकडं हा त्रास जरा जास्त होतो. कारण आपण कॉम्प्युटर शिकलो कसा, ते आठवा. क्लासमध्ये सर सांगायचे आणि आपण वहीत उतरवायचो. स्टार्टवर क्लिक करा, मग ऑल प्रोग्राम्स, मग ॲक्सेसरीज, मग पेंट. डाव्या बाजूचं तिसरं चिन्ह. वरून चौथी ओळ. घरी मशीन नव्हती, लॅबमध्ये एका पीसीवर दोघं-तिघं, तासभर वेळ. अशात पायऱ्या पाठ करणं हाच शहाणपणा होता. त्या पायऱ्यांवर परीक्षा पास झालो, सर्टिफिकेट मिळालं, काहींना कामही मिळालं.

पण पायऱ्या पाठ केल्या, की आपल्याला जागा कळते. आपण तिथं कशासाठी जातोय, ते मागं राहतं. ‘वरून चौथी ओळ’ पाचवी झाली की सगळं थांबतं. मग तोंडातून निघतं, ‘मला कॉम्प्युटर येत नाही.’

हे वाक्य सगळ्यात जास्त कुणाच्या तोंडी येतं? बचत गटाचे हिशोब एक्सेलमध्ये ठेवायला नुकत्याच शिकलेल्या ताईंच्या. शाळेतली माहिती भरणाऱ्या, रिटायरमेंटला आलेल्या गुरुजींच्या. बारावीनंतर पहिल्यांदा लॅपटॉप हातात आलेल्या पोरीच्या. शहरातल्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर विचारता येतं, आयटीवाला असतो. इथं विचारायचं कुणाला? आणि विचारलं तर ‘एवढंही येत नाही का?’ हे ऐकावं लागेल, ही भीती वेगळीच.

डॉन नॉर्मन हे डिझाइनच्या क्षेत्रातलं मोठं नाव. रोजच्या वापरातल्या वस्तूंबद्दलचं त्यांचं पुस्तक १९८८ मध्ये आलं. त्यांचा एक मुद्दा इथं फिट्ट बसतो. वस्तू वापरताना अडलो की माणूस स्वतःलाच दोष देतो, मांडणीला देत नाही. आपल्या ताई, गुरुजी आणि केंद्रातला दादा तेच करत होते.

बोटांनी रस्ता दाखवला

याच केंद्रात सकाळी एक ताई सरावाला येते. तिला क्लर्क-टायपिस्ट व्हायचंय. त्यासाठी टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं, मिनिटाला मराठी ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द. कॉम्प्युटर टायपिंगची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. ताईच्या क्लासमध्ये विंडोज १०, केंद्रात ११ आणि परीक्षेला कोणती मशीन मिळेल ते आधी माहीत नाही. एका मार्कासाठी भांडणाऱ्या पोरांना विचारा, अनोळखी स्क्रीनसमोरची पहिली दोन मिनिटं किती महाग पडतात!

गंमत म्हणजे स्क्रीन बदलली तेव्हा केंद्रात सगळ्यात कमी अडली ती हीच. कारण तिची नजर स्क्रीनच्या जागांवर नव्हतीच. तिला माउसच आवडत नाही. माउसकडं हात गेला की स्पीड तुटतो, हे तिला टायपिंगनं शिकवलेलं. कीबोर्डवरचं विंडोजचं चिन्ह दाबलं, दोन अक्षरं टाइप केली, एंटर. प्रोग्राम उघडला. स्टार्ट डावीकडं आहे, मध्ये आहे की आणखी कुठं, तिला काय फरक पडतो?

“दादा, तू शोधत का बसतोस? नाव घे ना त्याचं,” ती म्हणाली.

मला वाटतं, सगळ्याचं सार या एका वाक्यात आहे. जागा बदलत राहणार. विंडोज ११ मध्येही अपडेटनंतर स्टार्ट मेनूची मांडणी बदलतेच आहे. पण नावं फार बदलत नाहीत. प्रिंटर हा प्रिंटरच राहतो, पेंट हे पेंटच राहतं. कीबोर्ड तर त्याहून टिकाऊ. इंग्रजी अक्षरांची मांडणी एकोणिसाव्या शतकातल्या टाइपरायटरची, मराठी इनस्क्रिप्टची ऐंशीच्या दशकातली. विंडोजची कळ विंडोज ९५ च्या काळात आली, तिला आता तीस वर्षं झाली. मधल्या काळात स्टार्टचं बटण गेलं, आलं, सरकलं, पण कळ दाबली की ते समोर येणारच. ज्याला वस्तूचं नाव आणि काम माहीत आहे, त्याला कुठंही बसवा, तो वाट काढतो.

जुन्या मशीनचं काय?

दादाच्या दुसऱ्या मशीनची गोष्ट वेगळी. तिच्यावर विंडोज ११ चढतच नाही. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा हवी. पाच-सात हजारांत घेतलेले सेकंडहँड पीसी इथं बरेचदा बाद होतात. जुगाड करून ११ बसवून देणारे व्हिडिओ भरपूर आहेत. पण अशा मशीनला पुढं अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर लोकांचं आधार आणि बँकेचे कागद उघडतात, तिथं हा खेळ नको.

घरगुती वापराच्या विंडोज १० साठी एक मधला मार्ग आहे. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट वाढवून मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला, तर त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. दुकान किंवा संस्थेच्या मशीनसाठी नियम वेगळे आहेत. दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंटमध्ये मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच असतो, त्यामुळं जुन्या विंडोजची सवय असलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटतं. अभ्यास, ब्राउझिंग, टायपिंगचा सराव याला ते पुरतं. मात्र अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचं टोकन आणि आपण वापरतो तो मराठी फॉन्ट त्यावर चालतो का, हे आधी तपासूनच निर्णय घ्यावा. पेन ड्राइव्हवरून न बसवता चालवून बघायची सोय आहे, ती वापरावी.

आठवडाभर एवढं करा

• स्टार्ट परत डावीकडं हवंय? टास्कबारवर राइट क्लिक, टास्कबार सेटिंग्ज, त्यात टास्कबार बिहेविअर्स, मग अलाइनमेंटमध्ये ‘लेफ्ट’. अर्ध्या मिनिटाचं काम. यात कमीपणा काही नाही.

• प्रोग्राम शोधू नका, त्याचं नाव घ्या. विंडोजची कळ दाबून पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करा.

• राइट क्लिकचा जुना मेनू हवा असेल, तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा.

• विंडोज आणि ई म्हणजे फाइल्स, विंडोज आणि आय म्हणजे सेटिंग्ज, विंडोज आणि डी म्हणजे डेस्कटॉप, विंडोज आणि ए म्हणजे वाय-फाय-आवाजाचा चौकोन. रोज एकच शिका.

• मराठी-इंग्रजी भाषा बदलायला विंडोज आणि स्पेसबार. टायपिंगवाल्यांनी हे आधी पक्कं करावं.

• मशीन अडकली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल.

• अपडेट कधीही परीक्षेच्या, फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या किंवा गर्दीच्या आदल्या दिवशी करू नका. आधी फाइल्सचा बॅकअप घ्या. मग मोकळ्या दिवशी करा आणि दोन दिवस हाताला द्या.

• घरातल्या मोठ्यांना शिकवताना माउस त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. ‘इथं दाबा’ म्हणण्यापेक्षा ‘आपल्याला काय करायचंय?’ असं विचारा.

दादानं स्टार्ट डावीकडं परत नेलंय. मॉनिटरच्या कडेला एक कागद चिकटवलाय. त्यावर बाणबिण नाहीत, जागा नाहीत. फक्त कळा आणि त्यांच्यापुढं कामं, मराठीत. फॉर्म भरायला आलेल्या एका पोरीनं परवा मोबाइल काढला, त्या कागदाचा फोटो घेतला. “आमच्या लॅबमध्येबी नवंच आलंय,” ती म्हणाली. बाकड्यावर तिच्यासारखेच आणखी तिघं बसले होते. त्यांनीही मोबाइल काढले.